घटनांवरील पहारा

निसर्गात आणि रोजच्या व्यवहारात दोन तऱ्हांचे बदल आपल्या पाहण्यात येतात. चुलीवर ठेवलेले दूध हळूहळू तापत जाते. उन्हाळ्यात धरणातील पाणी दिवसागणिक खाली उतरते. अशा बदलांत एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत जाताना मधल्या सर्व स्थितींना स्पर्श करावाच लागतो. दुसऱ्या तऱ्हेचे बदल मात्र एकदम होतात. एस. टी.च्या कंडक्टरने घंटीचा एक ठोका दिला की गाडी थांबते, दोन दिले की निघते. दीड ठोका असा काही प्रकारच नाही. सिग्नल पडतो किंवा पडत नाही. फाटक बंद असते किंवा उघडे असते. येथे बदल घडवितात त्या सुट्या सुट्या घटना, आणि दोन घटनांच्या मधल्या काळात व्यवस्थेच्या दृष्टीने काहीच घडत नाही.

पहिल्या तऱ्हेच्या बदलांचे गणित सतराव्या शतकापासून विकसित होत आले आहे. न्यूटन आणि लायब्निट्स यांच्या कलनशास्त्राने त्याचा पाया घातला. बाष्पयंत्राचा वेग आवरणाऱ्या नियंत्रकापासून विमानाच्या स्वयंचालनापर्यंत पुष्कळ साधने त्या पायावर समजून घेता आली. दुसऱ्या तऱ्हेच्या व्यवस्थांना ‘विविक्त घटना-प्रणाली’ म्हणतात. त्यांच्या नियंत्रणाचे व्यवस्थित गणित मात्र विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत आकारास आले. रेल्वे, कारखान्यातील यंत्रांची रांग, उद्वाहक आणि संगणकांची जाळी ही सारी या प्रकारात मोडतात. या व्यवस्थांवर पहारा कसा ठेवावा, आणि काम चालू असतानाच तो कसा ठेवता येतो, याची ओळख करून देणे हा या लेखाचा हेतू आहे.

एका रात्रीची तार

शास्त्राकडे वळण्यापूर्वी एक जुनी घटना सांगणे उपयुक्त ठरेल. १० सप्टेंबर १८७४ च्या रात्री इंग्लंडमध्ये नॉर्विच शहराजवळ थॉर्प येथे दोन आगगाड्या समोरासमोर आदळल्या. नॉर्विच आणि ब्रंडल या स्टेशनांमधील मार्ग एकेरी होता. लंडनहून येणारी जलद गाडी त्या रात्री उशिरा धावत होती, आणि यार्मथकडून येणारी डाकगाडी तिची वाट पाहत ब्रंडलला थांबणार होती. डाकगाडीलाच आधी पुढे बोलवावे असा विचार नॉर्विचच्या रात्रपाळीच्या अधिकाऱ्यांत झाला. तसा संदेश तारबाबूच्या हाती पडला. त्यावर सही नव्हती, आणि सहीवाचून तो पाठवावयाचा नव्हता. तरीही तार गेली. इकडे जलद गाडी येऊन पोहोचली होती आणि तिला निघण्याची परवानगीही मिळून गेली होती.

चूक ध्यानी येताच ब्रंडलला डाकगाडी थांबविण्याची तार करण्यात आली. उत्तर आले, की डाकगाडी निघून गेली आहे. त्या क्षणानंतर दोन्ही स्टेशनांवरील माणसांच्या हाती काहीही उरले नाही. दोन्ही गाड्या एकाच रुळावरून एकमेकींच्या दिशेने जात आहेत हे त्यांना ठाऊक होते, परंतु धावत्या गाडीपर्यंत पोहोचेल असे कोणतेही साधन त्यांच्यापाशी नव्हते. त्या अपघातात २५ माणसे प्राणास मुकली.

येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की टक्कर ही घटना रोखण्याची वेळ टक्करीच्या क्षणी नव्हती. ती त्यापूर्वी, दुसऱ्या गाडीच्या प्रस्थानाच्या वेळी होती. प्रस्थान आवरता येते. प्रस्थानानंतरचे आगमन आवरता येत नाही. या साध्या भेदावर पुढे एक संपूर्ण शास्त्र उभे राहिले.

आवरण्याजोग्या आणि अनावर घटना

थॉर्पच्या अपघातानंतर एडवर्ड टायर या इंग्रज अभियंत्याने एक उपकरण योजिले आणि १८७८ मध्ये त्याचे पेटंट घेतले. एकेरी मार्गाच्या दोन टोकांच्या स्टेशनांवर एकेक पेटी असावी. दोन्ही पेट्या विजेच्या तारेने जोडलेल्या असाव्यात. त्यांत धातूच्या चकत्या ठेवलेल्या असाव्यात. चकती हाती असल्यावाचून चालकाने गाडी हलवावयाची नाही. एका पेटीतून एक चकती बाहेर आली, की ती कोणत्याही एका पेटीत परत पडेपर्यंत दोन्ही पेट्या कुलूपबंद. हिंदुस्थानातील एकेरी मार्गांवर याच तत्त्वाची, परंतु चकतीऐवजी धातूचा गोळा देणारी नील यांची यंत्रे दीर्घकाळ वापरात होती. वेताच्या कड्याला बांधलेल्या पिशवीतून तो गोळा धावत्या इंजिनावर झेलणारा चालक अनेक प्रवाशांनी पाहिला असेल.

टायरच्या पेटीचे वर्तन बारकाईने पाहावे. ती गाडी चालवीत नाही. कोणती गाडी आधी सोडावी हेही ती सांगत नाही. ती केवळ मनाई करते, आणि तीही ज्या घटनेवर आपला ताबा आहे अशाच घटनेला. निर्णय स्टेशनमास्तरांचा, चालविणे चालकाचे. पेटीचे काम इतकेच, की अनिष्टाकडे नेणारे दार वेळीच बंद ठेवावयाचे. अशा मनाई करणाऱ्या घटकाला आजचे शास्त्र ‘पर्यवेक्षक’ म्हणते.

पर्यवेक्षी नियंत्रणाचा सिद्धान्त कॅनडातील टोरांटो विद्यापीठाचे प्राध्यापक मरे वॉनम आणि त्यांचे शिष्य पीटर रामज यांनी मांडला. त्यांचा पायाभूत प्रबंध १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. या सिद्धान्तात प्रत्येक घटनेला एक अक्षर मानतात. घटना एकामागून एक घडत जातात तेव्हा अक्षरांचे शब्द बनतात. एखादी व्यवस्था जे जे करू शकते, त्या सर्व शब्दांचा समूह म्हणजे त्या व्यवस्थेची ‘भाषा’. त्यांपैकी काही शब्द आपल्याला नको असतात, कारण ते टक्करीकडे नेतात. नको असलेले शब्द उच्चारले जाऊ नयेत अशी तजवीज करावयाची, परंतु त्यासाठी काही ठराविक अक्षरेच अडवावयाची परवानगी आहे. कारण घटना दोन जातींच्या आहेत. सिग्नल देणे, गाडी सोडणे, यंत्र सुरू करणे या आवरण्याजोग्या घटना होत. गाडी येऊन पोहोचणे, यंत्र बिघडणे, तार तुटणे या अनावर घटना होत. अनावर घटना घडू नये अशी इच्छा असेल, तर ती घडू शकेल अशा अवस्थेत व्यवस्थेला मुळी येऊच द्यावयाचे नाही, एवढाच मार्ग उरतो.

येथे एक शंका संभवते. सर्वच गाड्या स्टेशनात उभ्या करून ठेविल्या तर टक्कर कधीच होणार नाही. हे खरे; पण त्या व्यवस्थेला रेल्वे म्हणता येणार नाही. म्हणून पर्यवेक्षकाने आवश्यक तेवढीच मनाई करावी, त्याहून रतिभरही अधिक करू नये, अशी अपेक्षा असते. अशी किमान मनाईची योजना प्रत्येक वेळी अस्तित्वात असते का? सर्व घटना पर्यवेक्षकाला दिसत असतील तर ती निश्चित असते आणि एकमेव असते, असे रामज आणि वॉनम यांनी सिद्ध केले. मात्र नियम फारच कडक असतील, तर त्या योजनेत काहीही न करणे एवढेच शिल्लक राहू शकते.

सुरक्षित, परंतु कोंडलेले

टक्कर टळली म्हणजे पर्यवेक्षकाचे कर्तव्य संपले असे नाही. वाचकांनी एकेरी मार्गावरील लगतच्या दोन स्टेशनांची कल्पना करावी. त्यांना क आणि ख म्हणू. प्रत्येक स्टेशनात गाडी उभी करण्यास दोनच रूळ आहेत. क स्टेशनात पूर्वेकडे जाणाऱ्या दोन गाड्या उभ्या आहेत, ख स्टेशनात पश्चिमेकडे जाणाऱ्या दोन. मधला मार्ग मोकळा आहे. क मधून गाडी सोडावी, तर ख मध्ये तिला जागा नाही. ख मधून सोडावी, तर क मध्ये जागा नाही. कोणताही नियम मोडलेला नाही, कोणतीही गाडी धोक्यात नाही. आणि तरीही चारही गाड्या कायमच्या अडकल्या आहेत. आपापसांतील अशा अडवणुकीला कोंडी म्हणावे.

ही कोंडी टाळावयाची कोठे? क च्या पश्चिमेला अ नावाचे स्टेशन आहे असे समजा. पूर्वेकडे जाणारी दुसरी गाडी अ मध्येच थांबविली असती, तर क मध्ये एक रूळ मोकळा राहिला असता. ख मधील एक गाडी त्या रुळावर येऊ शकली असती. तिने ख मध्ये मोकळ्या केलेल्या जागेत क मधील गाडी गेली असती, आणि वाहतूक सुरळीत चालली असती. याचा अर्थ असा, की जी चाल अडवावयास हवी होती, ती ज्या वेळी केली गेली त्या वेळी अगदी निरुपद्रवी दिसत होती. रूळ मोकळा, सिग्नल मोकळा, गाडी वेळेवर. आणि तरीही ती सोडावयास नको होती. शिवाय गाडी एकदा अ मधून निघाली, की तिचे क मधील आगमन अनावर ठरते. म्हणून मनाईची जागा अ मधील प्रस्थानापर्यंत मागे सरकते. चांगल्या पर्यवेक्षकाला अशी दूरदृष्टी असावी लागते. जेथून हाती घेतलेले काम पुरे होण्याची एकही वाट उरत नाही, अशा अवस्थेत व्यवस्था कधीही जाता कामा नये, ही त्याच्यावरील दुसरी जबाबदारी आहे.

अवस्थांचा महापूर

तत्त्व समजले म्हणून काम सोपे होत नाही. पर्यवेक्षक बनविण्याचा सरळ मार्ग असा, की व्यवस्थेच्या सर्व संभाव्य अवस्थांची यादी करावी, अनिष्ट अवस्था खोडाव्यात, ज्यांतून अनावर घटनेने अनिष्टाकडे जाता येते त्याही खोडाव्यात, ज्यांतून काम पुरे होऊ शकत नाही त्याही खोडाव्यात. आणि खोडण्याजोगे काही उरेनासे होईपर्यंत हा क्रम चालू ठेवावा. उरलेल्या यादीवरून कोणत्या अवस्थेत काय अडवावे याचे कोष्टक तयार होते. हे सर्व काम प्रत्यक्ष गाडी सुरू होण्यापूर्वी उरकून ठेवता येते.

अडचण उद्‌भवते ती यादीच्या लांबीमुळे. ज्या यार्डात दहा सांधे आहेत आणि प्रत्येक सांधा दोन बाजूंपैकी एका बाजूला वळलेला असू शकतो, तेथे सांध्यांच्या १,०२४ अवस्था संभवतात. वीस सांधे असतील तर १०,४८,५७६. तीस असतील तर संख्या १०७ कोटींच्या पलीकडे जाते. यात सिग्नल, फाटके आणि गाड्यांच्या जागा अजून धरलेल्याच नाहीत. व्यवस्थेत एकेक घटक वाढतो तेव्हा अवस्थांची संख्या बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढते. दुसरी अडचण अशी, की व्यवस्था स्थिर राहत नाही. आज एक रूळ दुरुस्तीसाठी बंद होतो, उद्या एक जादा गाडी येते. प्रत्येक फेरबदलासरशी कोष्टक पुन्हा पहिल्यापासून करावयाचे म्हटले, तर ते पुरे होईपर्यंत परिस्थिती पुन्हा पालटलेली असते.

चालता चालता निर्णय

यावर उपाय म्हणून चालू कामातच निर्णय घेणारे, म्हणजे ऑनलाइन, पर्यवेक्षी नियंत्रण पुढे आले. शेंग-लुएन चुंग, स्टेफान लाफोर्त्युन आणि फेंग लिन या अमेरिकेत काम करणाऱ्या संशोधकांनी १९९२ मध्ये मर्यादित पुढे पाहण्याची पद्धती मांडली. तिचे सूत्र बुद्धिबळाच्या खेळाडूला चटकन पटेल. कोणताही खेळाडू डावातील सर्व संभाव्य स्थितींची यादी पाठ करून पटावर बसत नाही. समोरच्या स्थितीपासून पुढच्या काही चालींचा तो विचार करतो. आपल्या चाली आपल्या ताब्यात आहेत. प्रतिपक्षाच्या चाली नाहीत. प्रतिपक्षाने कोणतीही चाल केली तरी आपण संकटात सापडू नये, असे पाहून तो एक चाल करतो. मग नवी स्थिती, आणि पुन्हा नवा विचार.

ऑनलाइन पर्यवेक्षक नेमके हेच करतो. एक घटना घडली, की आताच्या अवस्थेपासून पुढे ठराविक पावलांपर्यंत ज्या ज्या घटना घडू शकतात त्यांचा एक वृक्ष तो मनात उभा करतो. त्या वृक्षाच्या फांद्या तपासून, या घटकेला काय अडवावयाचे तेवढे ठरवितो. दुसरी घटना घडताच जुना वृक्ष टाकून देऊन नवा उभा करतो. रूळ बंद झाला तर पुढच्याच वृक्षात त्याची नोंद होते. सारे कोष्टक नव्याने करण्याची गरज राहत नाही.

तथापि दृष्टीला मर्यादा घातली की एक प्रश्न उभा राहतो. वृक्षाच्या कडेपलीकडे काय आहे ते दिसत नाही. तेथे काय आहे असे धरावे? सावध पर्यवेक्षक मानतो, की पलीकडे सर्वत्र अनिष्टच आहे. म्हणून जेथून अनावर घटनांच्या ओघात कडेपर्यंत वाहून जाण्याचा संभव आहे, अशी वाट तो आधीच बंद करतो. तो सुरक्षित राहतो, परंतु पुष्कळदा विनाकारण अडवितो. आशावादी पर्यवेक्षक मानतो, की पलीकडे सर्व ठीक आहे. तो मोकळेपणाने वाट देतो, परंतु एखादे वेळी अशा जागी येऊन पोहोचतो, की जेथून माघार नाही. थॉर्पच्या रात्री नॉर्विच स्टेशनात उभ्या असलेल्या माणसांसारखी त्याची गत होते.

दृष्टी लांबवीत गेले की या दोघांतील अंतर कमी होत जाते. केवळ निषिद्ध अवस्था टाळावयाच्या असतील, आणि अनावर घटनांची सलग साखळी एका मर्यादेपलीकडे लांबत नाही हे ठाऊक असेल, तर त्या साखळीहून थोडी अधिक लांब दृष्टी पुरते. तेवढी दृष्टी असलेला पर्यवेक्षक पूर्ण कोष्टक जवळ बाळगणाऱ्या पर्यवेक्षकाइतकाच अचूक निर्णय देतो. कोंडी टाळण्यासाठी मात्र तेवढी दृष्टी पुरेलच असे नाही, कारण कोंडीचे बीज, आपण पाहिले त्याप्रमाणे, पुष्कळ आधी पेरले जाते. आणि दृष्टी हवी तितकी लांबविता येत नाही. प्रत्येक पावलाला चार घटना संभवत असतील तर पाच पावलांच्या अखेरीस १,०२४ वाटा होतात, दहा पावलांच्या अखेरीस १०,४८,५७६. ज्या महापुराला चुकवून आपण निघालो, तोच येथे दुसऱ्या वाटेने सामोरा येतो. किती पुढे पाहावे आणि किती वेळात निर्णय द्यावा, यांचा मेळ घालणे हेच या पद्धतीतील खरे कौशल्य होय.

न दिसणाऱ्या घटना

इथवर आपण असे धरून चाललो, की पर्यवेक्षकाला प्रत्येक घटना कळते. व्यवहारात तसे नसते. २० ऑगस्ट १९९५ रोजी उत्तर प्रदेशात फिरोजाबादजवळ कालिंदी एक्स्प्रेस एका नीलगायीला धडकून रुळावरच थांबली. गाडी थांबली ही घटना घडली होती, परंतु स्टेशनावर ती कळली नाही. मार्ग मोकळा आहे अशा समजुतीने त्याच रुळावर मागून येणाऱ्या पुरुषोत्तम एक्स्प्रेसला वाट देण्यात आली. त्या टक्करीत ३०० हून अधिक माणसे दगावली.

न दिसणारी घटना दिसू लागावी यासाठी रेल्वेने फार पूर्वीपासून प्रयत्न केले आहेत. अमेरिकेतील विल्यम रॉबिन्सन यांनी १८७२ मध्ये रुळांतूनच विजेचा मंद प्रवाह खेळविण्याची युक्ती काढली. प्रवाह अखंड असेल तर मार्ग मोकळा. गाडीच्या चाकांनी व आसांनी दोन्ही रूळ जोडले गेले, की प्रवाह मध्येच वळतो आणि मार्ग व्यापलेला असल्याची खूण मिळते. या युक्तीतील शहाणपण असे, की तार तुटली किंवा विजेचा पुरवठा खंडित झाला तरीही ‘मार्ग व्यापलेला आहे’ हीच खूण उमटते. जेथे ज्ञान नाही तेथे धोका गृहीत धरावा, हा नियम तिने यंत्रातच गुंफून टाकला.

गणितानेही हाच नियम पत्करला आहे. अपुरे दिसत असताना पर्यवेक्षकाने कसे वागावे याचा विचार फेंग लिन आणि वॉनम यांनी १९८८ मध्ये केला. मायकेल हेमन आणि लिन यांनी १९९४ मध्ये तो ऑनलाइन पद्धतीला जोडून दाखविला. पर्यवेक्षक आपण अमुक एका अवस्थेत आहोत असे मानीत नाही; आतापर्यंत जे दिसले त्यावरून आपण कोणकोणत्या अवस्थांत असू शकतो, त्या सर्वांचा तो संच बाळगतो. नवी घटना दिसली की संच बदलतो. त्या संचातील एका जरी अवस्थेत एखादी वाट अनिष्टाकडे नेत असेल, तर तो ती अडवितो. फिरोजाबादच्या भाषेत सांगावयाचे तर, ‘गाडी पुढे गेली असेल’ आणि ‘गाडी अजून तेथेच असेल’ या दोन्ही शक्यता मनात जिवंत ठेवणे, आणि दुसरी खोटी ठरेपर्यंत सिग्नल न देणे.

परंतु संच कितीही काळजीपूर्वक बाळगला, तरी मिळणारी बातमीच खोटी असेल तर गणिताचा इलाज चालत नाही. २ जून २०२३ रोजी ओडिशात बालासोर जिल्ह्यातील बहानगा बाजार स्टेशनावर कोरोमंडल एक्स्प्रेसला मुख्य मार्गाचा सिग्नल मिळाला, आणि सांधे मात्र बाजूच्या रुळाकडे वळलेले होते. त्या रुळावर मालगाडी उभी होती. २९० हून अधिक माणसांचा त्या अपघातात अंत झाला. सिग्नलच्या विद्युत्‌मंडलात दुरुस्तीच्या कामी केलेल्या फेरबदलांत झालेल्या चुका त्याच्या मुळाशी होत्या, असे चौकशीत निष्पन्न झाले. सांधा एकीकडे, आणि सांध्याची खबर दुसरीकडे. पर्यवेक्षकाचे सारे शहाणपण खबरेवर उभे असते. म्हणून तार जोडणाऱ्या आणि ती तपासणाऱ्या माणसाच्या कामाची योग्यता सिद्धान्त रचणाऱ्याच्या कामाहून तिळमात्र कमी नाही.

उपसंहार

या शास्त्राचा उपयोग रेल्वेपुरता मर्यादित नाही. नेदरलँड्समध्ये कालव्यांवरील जलपाशांसाठी, म्हणजे होड्यांना एका पाणपातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणाऱ्या दुहेरी दरवाजांच्या बांधकामांसाठी, आइंडहोव्हेनच्या तंत्रविद्यापीठातील संशोधकांनी असे पर्यवेक्षक गणिताने तयार केले आहेत. दोन्ही दरवाजे एका वेळी उघडू नयेत हा तेथील मूळ नियम. पण पंप, दिवे, झडपा आणि आणीबाणीची बटणे मिळून अवस्थांचा पसारा प्रचंड होतो. पूर्वी अनुभवी अभियंता एकेक नियम हाताने लिहीत असे आणि नंतर चाचणीने चुका शोधीत असे. आता काय घडू नये हे नेमक्या शब्दांत सांगितले, की कोणती मनाई केव्हा करावी हे गणित काढून देते, आणि तिच्या अचूकतेचा पुरावाही सोबत देते.

मात्र काय घडू नये हे कोणी सांगावयाचे? ते गणित सांगत नाही. यंत्राला टक्कर आणि कोंडी यांचे सोयरसुतक नाही. त्याच्या लेखी त्या केवळ खोडावयाच्या अवस्था. थॉर्पच्या २५ मृतांनी टायरच्या पेटीला जन्म दिला, आणि पेटीने जे करून दाखविले त्याचाच व्यापक विचार शतकानंतर शास्त्र होऊन आला. अनिष्ट कोणते हे माणसाने ओळखावयाचे, ते निःसंदिग्ध शब्दांत मांडावयाचे आणि खबर खरी राहील अशी दक्षता घ्यावयाची. त्यापुढचा पहारा यंत्राकडे निश्चिंतपणे सोपविता येतो.